एकतर्फी कैफियत

घरातले घराबाहेर बोलू नये, हा नियम आपल्याकडे कोणी शिकवीत नाही. तो बाळकडूबरोबरच पोटात गेलेला असतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठी घरांत कुळाचारासारखी पाळली गेली आहे. तिच्यामागे केवळ दांभिकता होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाड्याच्या एका चौकात चार बिऱ्हाडे राहत, चाळीच्या एका मजल्यावर वीस. तेथे एका घरातला शब्द दुसऱ्या घरी गेला म्हणजे तो लग्न जुळविताना, उसनवारी मागताना किंवा भाऊबंदकीच्या तंट्यात केव्हा ना केव्हा पुढे येई. मौन ही त्या काळी एक मालमत्ताच होती, आणि ती सांभाळणारा शहाणा गणला जाई.

आज परप्रांतात नेमणुकीवर असलेल्या आपणा मंडळींपैकी एखाद्याची झोप महिनोन् महिने उडते, कामात मन लागत नाही, अन्न बेचव होते. रक्त, रक्तदाब, हृदय, सारे काही निर्दोष निघते आणि शेवटी दवाखान्यातले डॉक्टर सुचवितात, "एकदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटून पाहा." येथे गृहस्थ अडतो. लोक वेड्यात काढतील ही भीती असते, खर्चाचा विचारही असतो. परंतु यांहून खोल अशी एक अडचण पुष्कळांच्या मनात असते आणि ती बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. आपल्या माणसांविषयी, त्यांच्या पाठीमागे, एका परक्यापुढे, पैसे मोजून बोलावे काय? ही अडचण नैतिक आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. त्या खोलीत प्रत्यक्ष काय घडते हे नीट पाहिले, तरच तिचे उत्तर शोधता येईल.

प्रथम हा परका कोण, ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देणे हे त्याचे काम. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्र शिकलेला असतो. चाचण्या आणि संभाषण ही त्याची साधने. दोघांची गल्लत आपल्याकडे नेहमी होते आणि मग गोळीची अपेक्षा करून गेलेला मनुष्य निराश होऊन परततो. बंगलोर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि लवकरच तेथे या विद्येचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. हीच संस्था १९७४ साली निम्हान्सच्या रूपास आली. पुढे १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे या व्यावसायिकांची नोंदवही आली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्याच दिलेली आहे. आजवरच्या बहुतेकांची पात्रता म्हणजे पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम. पाटी कोणालाही लावता येते. म्हणून नोंदणी क्रमांक विचारावा. आपण फाइलीवरील सहीखालचा हुद्दा वाचतो, त्यात सही करणाऱ्याचा अपमान नसतो, येथेही नाही.

पहिली बैठक नवख्याला बहुधा कोरडी वाटते. अंतःकरण उघडण्याच्या तयारीने गेलेल्या माणसास वय, शिक्षण, नोकरी, झोप किती, भूक कशी, पूर्वीचे आजार कोणते, औषधे चालू आहेत काय, घरात अशा स्वरूपाचा त्रास पूर्वी कोणास होता काय, अशी प्रश्नमालिका भेटते. क्वचित एखादी छापील प्रश्नावली भरून घेतात. जीव नकोसा वाटतो काय, स्वतःस इजा करण्याचा विचार येतो काय, असेही सरळ विचारले जाते. हा प्रश्न ऐकून दचकण्याचे कारण नाही. तो संशयाने विचारलेला नसतो. विचारावयाचा असतो म्हणून विचारलेला असतो, आणि उत्तर होकारार्थी असेल तर ते न लपविणे यातच हित असते. मग बैठकांचा काळ (साधारणतः पाऊण तास ते एक तास, बहुधा आठवड्यातून एकदा), शुल्क, न येणार असल्यास कळविण्याची मुदत, या गोष्टी ठरतात. अखेरीस एक प्रश्न येतो, आणि सर्वांत अवघड तोच असतो: "येथून तुम्हांला काय हवे आहे?" सरकारी नोकरीत वर्षानुवर्षे इतरांच्या मागण्यांवर टिपणे लिहिणाऱ्या मनुष्यास स्वतःची मागणी एका वाक्यात सांगता येऊ नये, यात आश्चर्य नाही. बहुतेकांना ती सांगता येत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. पुढच्या काही बैठका तिच्याच शोधात जातात.

येथे उपदेश मिळत नाही, हे दुसरे आश्चर्य. आपली परंपरा उपदेशाची आहे. समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचिले. त्यांत बोलतो तो समजावणारा, आणि मन मुकाट्याने ऐकते. मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत हे नाते उलटे होते. तेथे मन बोलते आणि समोरचा ऐकतो. मध्येच एखादा प्रश्न, एखाद्या शब्दाचा पुनरुच्चार, आणि कधी नुसतीच शांतता. ही शांतता आपल्यासारख्या बोलघेवड्या समाजास प्रथम अवघडल्यासारखी वाटते; परंतु पुष्कळदा कामाची गोष्ट तिच्यानंतरच निघते.

आता मूळ शंकेकडे वळू. आमच्या स्वतःच्या उदाहरणावरून ती मांडणे अधिक स्पष्ट होईल. आमची नेमणूक गुवाहाटीस, वडील वाईस. त्यांच्या शेवटच्या आजारात आम्ही दूरध्वनीवर विचारीत असू, "रजा टाकून येऊ का?" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "तुझ्यावाचून इथे काही अडलेले नाही." ते गेले, त्यानंतर आमची झोप गेली ती परतेना. अखेरीस आम्ही गुवाहाटीतच एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. त्या असमिया, संभाषण हिंदीत, मधूनमधून इंग्रजीत. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत वडिलांच्या कडक स्वभावाविषयी, घरातल्या जुन्या अबोल्यांविषयी बोलण्याची वेळ आली आणि आमची जीभ जड झाली. जो मनुष्य आता उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याविषयी साक्ष द्यावयाची? संविधानाच्या ३११ व्या कलमाने आम्हां सरकारी नोकरांस असे संरक्षण दिले आहे की, म्हणणे मांडण्याची रास्त संधी दिल्यावाचून आम्हांस बडतर्फ करता येत नाही. जे संरक्षण लबाडी केलेल्या नोकरासही मिळते, ते जन्मदात्यास नाकारावयाचे काय? ही तर एकतर्फी कैफियत झाली.

हा आक्षेप आम्ही त्या बाईंपुढे जसाच्या तसा ठेवला. त्या एवढेच म्हणाल्या, "निकाल कोण देणार आहे?"

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व निर्णयाशी बांधलेले आहे. जेथे निर्णयच व्हावयाचा नाही तेथे पक्षही नाहीत आणि प्रतिपक्षही नाहीत. चहाडी, गाऱ्हाणे आणि निवेदन यांतला भेद येथे ध्यानी घ्यावा. चहाडी करणारा दुसऱ्याची पत कमी व्हावी म्हणून बोलतो. गाऱ्हाणे घेऊन जाणारा दुसऱ्यास शासन व्हावे म्हणून बोलतो. या दोन्ही प्रकारांत गैरहजर मनुष्याचे काही ना काही हिरावले जाते, म्हणून त्या अधर्म्य. मानसशास्त्रज्ञापुढच्या निवेदनाने गैरहजर मनुष्याचे काहीच जात नाही. ऐकणाऱ्याची त्याच्याशी ओळख नाही, होणारही नाही. तो ते कोठे सांगणार नाही. आणि त्या बोलण्याने बदल व्हावयाचा तो फक्त बोलणाऱ्यात. वडिलांच्या स्वभावाचे जे वर्णन आम्ही केले ते वडिलांचे चरित्र नव्हते. ते आमच्या मनातले वडील होते, आणि त्यांच्याबद्दल बोलण्याचा अधिकार आमच्यावाचून दुसऱ्या कोणाचा असणार?

आपल्या ख्रिस्ती बांधवांत, वसईस व गोव्यास, धर्मगुरूपुढे पापाची कबुली देण्याचा संस्कार शतकानुशतके चालत आला आहे, आणि तेथे ऐकलेले बाहेर न सांगण्याचे बंधन अत्यंत कडक आहे. म्हणून कोणी म्हणेल की, ही नवी विद्या म्हणजे तीच जुनी कबुली. साम्य आहे, पण ते गोपनीयतेपुरतेच. कबुलीत आपला अपराध सांगावयाचा असतो आणि क्षमा मागावयाची असते. येथे अपराध ठरविला जात नाही, म्हणून क्षमाही दिली जात नाही. ज्यास क्षमाच हवी आहे त्याला या खोलीतून रिकाम्या हाताने परतावे लागेल. हे आधीच माहीत असलेले बरे.

दुसरी शंका पैशांची. विकत घेतलेली सहानुभूती ती कसली सहानुभूती, असे विचारणारे भेटतात. आमच्या मते शुल्क हे सहानुभूतीचे मूल्य नसून मोकळेपणाचे आहे. मित्रापुढे मन मोकळे केले की आपण त्याचे ऋणी होतो. उद्या तो त्याचे दुःख सांगू लागला तर ऐकावे लागते, आणि ऐकणे हे मैत्रीत योग्यच आहे. शिवाय मित्रास आपल्याविषयी चांगले वाटावे ही इच्छा आपल्या प्रत्येक वाक्यास थोडी मुरड घालते. शुल्क देऊन उठलो की हिशेब मिटतो. चंडीगढचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली एक निबंध लिहून असे मांडले की, भारतीय मनास उपचारकाचे नाते गुरू-शिष्याच्या नमुन्यावर अधिक मानवेल. विचार मोलाचा आहे. आपल्याकडील पुष्कळ लोक समोरच्या खुर्चीत गुरूच शोधतात, हे खरे. तथापि एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गुरूला शरण जावयाचे असते आणि भार त्याच्यावर टाकावयाचा असतो. मानसशास्त्रज्ञ भार क्षणभर हाती घेतो, वजन करून पाहतो, आणि परत देतो. तो ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. केवळ कोठे धरावे हे कळलेले असते.

आता गोपनीयतेविषयी. 'गोपनीय' हा शब्द आपणा सरकारी मंडळींच्या कानास निराळाच लागतो. आपल्याकडे दीर्घकाळ गोपनीय अहवाल म्हणजे आपल्याविषयी लिहिलेला, पण आपणांसच न दाखविलेला कागद. फक्त प्रतिकूल शेरे तेवढे कळवीत. २००८ साली देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधितास कळविली पाहिजे असे ठरविले, आणि त्यानंतर संपूर्ण मूल्यमापन अहवाल दाखविण्याची पद्धत आली. त्या जुन्या अर्थाची सवय असल्यामुळे मानसशास्त्रज्ञ टिपणवहीत काही लिहू लागला की आपले लक्ष त्याच्या लेखणीकडे जाते. येथे शब्दाचा अर्थ उलट आहे. येथली गोपनीयता आपल्यापासून नसून आपल्यासाठी असते. २०१७ च्या कायद्याचे २३ वे कलम ती आपला हक्क म्हणून सांगते. तिला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच बैठकीत सांगितले जावेत: कोणाच्या जिवास धोका असेल, दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा आदेश असेल, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञास माहिती देणे आवश्यक असेल, असे ते ठरीव आहेत. ते कोणी सांगितले नाहीत, तर आपण विचारावेत. कार्यालयातील वरिष्ठांची जिज्ञासा हा या अपवादांपैकी एक नाही.

प्रत्यक्ष उपचाराचे अनेक पंथ आहेत. त्यांतला एक आपणा कारकुनी पेशाच्या मंडळींस विशेष मानवतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉक्टर ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात तो विकसित केला. त्यात घरी करावयाचा अभ्यास असतो. कागदावर रकाने आखावयाचे: काय घडले, काय वाटले, मनात कोणता विचार आला, त्या विचारास पुरावा काय, विरोधी पुरावा काय, आणि सर्व पाहता अधिक रास्त विचार कोणता. फाइलीवर ज्या चोखपणे आपण दुसऱ्याच्या अर्जाची छाननी करतो, ती स्वतःच्या मनात उठणाऱ्या विधानांची करावयाची. 'मी कुचकामी आहे' हे विधान वर्षानुवर्षे मनात मंजूर होऊन पडलेले असते. त्याला जोडलेला कागद एकही सापडत नाही. अर्थात हे लिहिले तितके सोपे नाही. आरंभीच्या काही आठवड्यांत अस्वस्थता वाढल्यासारखी वाटण्याचा संभव असतो. दाबून ठेवलेले वर येते, म्हणून. चार-सहा बैठकांनंतरही समोरच्या व्यक्तीशी सूर जुळला नाही, तर तसे सांगून दुसऱ्याकडे जाण्यात अपमान कोणाचाच नाही. आणि त्रास तीव्र असेल तर औषधाची जोड लागते. अशा वेळी मानसशास्त्रज्ञ स्वतःच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो.

परप्रांतीय मराठी माणसापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. या साऱ्या विद्येच्या मुळाशी एक चमत्कारिक घटना आहे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'ॲना ओ.' या नावाने व्हिएन्नातील एका तरुणीची हकीकत आहे. आजारात तिची मातृभाषा जर्मन तिला सोडून गेली होती आणि ती इंग्रजी बोले. 'बोलण्याचा उपचार' हे आज जगभर रूढ असलेले नाव तिनेच, त्या परक्या भाषेत दिले. म्हणजे आरंभच परभाषेत झाला. तथापि आमचा अनुभव असा की, हकीकत परभाषेत सांगता येते, पण ज्या वाक्याने मन अडलेले असते ते वाक्य भाषांतरास नकार देते. वडिलांचे ते वाक्य आम्ही हिंदीत सांगू लागलो तेव्हा बाईंनी थांबविले. "आधी तुमच्या भाषेत म्हणा. मला समजले नाही तरी चालेल." आम्ही म्हटले: "तुझ्यावाचून इथे काही अडलेले नाही." मग त्यांनी अर्थ विचारला, आणि अर्थ सांगताना आम्हांस थांबावे लागले. ते वाक्य दूर असलेल्या मुलास निश्चिंत करण्यासाठी उच्चारता येते. त्याच मुलास त्याच्या दूरपणाची जाणीव देण्यासाठीही उच्चारता येते. दोन्ही अर्थ त्यात सारखेच मावतात. वडिलांचा कोणता होता, हे सांगणारा मनुष्य आता नाही. आम्ही दोन्ही अर्थ सांगितले. बाईंनी दोन्ही ऐकले आणि कोणताही निवडला नाही. आम्हीही निवडलेला नाही. मात्र झोप हळूहळू परत आली.

ज्यांना मराठीतच बोलावयाचे आहे त्यांस आता थोडी सोय झाली आहे. २०२० च्या साथीनंतर चित्रफोनवरील बैठका रूढ झाल्या असून पुण्यामुंबईच्या मानसशास्त्रज्ञाशी दूरच्या ठाण्यावरूनही बोलता येते. बदलीचा हुकूम आला तरी चालू असलेले काम तुटत नाही. बदली केव्हा होण्याचा संभव आहे, हे मात्र पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावे. मध्यरात्री एकाकी क्षणी कोणाशी तरी बोलणे निकडीचे झाले, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य मिळते. ती दीर्घ उपचाराची जागा घेणार नाही. पण एक रात्र पार करून देणे हेही लहान काम नव्हे.

इतके झाल्यावरही या मार्गात एक नैतिक धोका उरतोच, आणि तो सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. निकाल न देणाऱ्या श्रोत्यापुढे दर आठवड्यास आपलीच बाजू मांडता मांडता, मनुष्य स्वतःच्याच बाजूचा निकाल खिशात घालून बाहेर पडू शकतो. अमुक माझ्याशी असे वागले म्हणून मी असा झालो, एवढ्यावर थांबले की निवेदनाचे पुन्हा गाऱ्हाणे होते. चांगला मानसशास्त्रज्ञ तेथे थांबू देत नाही. परंतु शेवटी ही राखण ज्याची त्यानेच करावयाची आहे. आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे. त्या खोलीत ज्या माणसाविषयी बोललो, त्याच्यापुढे बसणे आता अधिक सोपे जाते की अधिक अवघड? पत्नीविषयी बोलून पत्नीशी, भावाविषयी बोलून भावाशी संभाषण वाढत असेल, तर परक्यापुढे बोललेला शब्द वाया गेला नाही आणि घराची मूठही उघडी पडली नाही. जो निघून गेला आहे त्याच्यापुढे बसता येत नाही; पण त्याच्या एका वाक्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवून, कोणताही न खोडता, आपल्या दिवसाच्या कामाला लागता येते. यालाच बरे होणे म्हणावे की नाही, हे तज्ज्ञांनी ठरवावे. आमच्या मते माणुसकीने वागण्यास एवढे पुरते.